बी बाजूचं तिसरं गाणं

मी मिशा काढल्या तेव्हा गल्लीतली तीन माणसं सांत्वनाला आली होती. आमच्याकडं माणूस मिशा काढतो तो बाप गेल्यावर. आणि माझे वडील तर समोर ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. त्यांना बघून तिघंही दारातच थबकले. एकजण म्हणाला, "मग गेलं कोन?" वडील म्हणाले, "मीच जातो आता. तुमी चहा घ्या." पुढं आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कुणीही गेलेलं नव्हतं. आमच्या मिस्त्रींना माझे ओठ दिसत नव्हते, एवढीच गोष्ट होती.

मिस्त्री म्हणजे आमच्या साखर कारखान्याच्या मिल हाऊसमधले हेड फिटर. माजलगावच्या धरणाच्या पाण्यावरचा ऊस हंगामभर आमच्याकडं येऊन पडायचा, आणि ज्या रोलरांखाली तो चिरडला जायचा ते रोलर फिरते ठेवणं हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलो, मग फिटर झालो, आता त्यांच्याच खुर्चीवर बसतो. खुर्चीचा डावा हात त्यांनीच मोडून ठेवलाय. रोज पाळीवर गेलो की कोपर तिथं टेकवायला जातो आणि रोज खाली पडतो. वैताग आहे नुसता, पण खुर्ची काही बदलवत नाही.

दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला कारखाना आम्हाला कानात घालायची नारिंगी बुचं द्यायचा. मिस्त्रींनी ती जन्मात घातली नाहीत. त्यांच्या घरी काकूंनी तेलाच्या, रॉकेलच्या, औषधाच्या झाडून सगळ्या बाटल्यांना तीच बुचं लावलेली. मी म्हणायचो, "मिस्त्री, कान जातील तुमचे." ते म्हणायचे, "कान बंद करून फिटरकी करायची व्हय? मग टाइम हापिसात जाऊन बस की बे."

त्यांचं सगळं कानावर चालायचं. हातात एक सळई असायची, वीतभर कमी दोन फुटांची, टोकाला घासून गुळगुळीत केलेली. तिचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "तिसऱ्या मिलचं उजवं. परवापर्यंत टिकल." आणि ते परवाच जायचं. साहेब लोक मोजायची यंत्रं घेऊन यायचे, त्यांची यंत्रं मिस्त्रींच्या एक दिवस मागं असायची.

"वरच्या आवाजाकडं ध्यान देऊ नगं," ते मला शिकवायचे. "वर नुसता गोंधळ असतो. खालचं ऐक. खरं काय ते खाली चालू असतंय."

हे त्यांना कुणी शिकवलं म्हणाल, तर एका विलायती बँडनं. गंमत वाटेल, पण खरं आहे. मिस्त्री तरुणपणी औरंगाबादेला आयटीआयला होते तेव्हा खोलीवरचा एक जोडीदार कोर्स सोडून पळाला आणि जाताना एक कॅसेट विसरून गेला. रॉकची, चार गोरी पोरं, केस खांद्यापर्यंत. मिस्त्रींकडं दुसरी कॅसेट नव्हती, म्हणून तीच ऐकली, आणि जी ऐकली ती ऐकलीच. इंग्रजीचा गंध नाही. गाण्यांची नावंसुद्धा ते घ्यायचे नाहीत. "ए बाजूचं पहिलं", "बी बाजूचं तिसरं" असंच म्हणायचे. मी एकदा विचारलं, शब्द कळत नाहीत तर ऐकता काय? म्हणाले, "कळत न्हाईत तेच बरंय. कळणारे शब्द घरी लई हायत."

बी बाजूचं तिसरं हे त्यांचं दैवत. त्यात म्हणे खालचा आवाज, म्हणजे ती चार जाड तारांची गिटार, एकटीच चालते. मिलवर पाळीत असले की मिस्त्री तेच घशातल्या घशात गुणगुणायचे. पण मिल हाऊसच्या त्या गदारोळात मला काय ऐकू येणार कपाळ! नुसता त्यांचा गळा हललेला दिसायचा. कॅसेट ऐक म्हणून ते दहा वेळा मागं लागले. मी दहा वेळा हो म्हणालो. पाळी करून आल्यावर माणसाला आवाज नको असतो हो, अंथरूण पाहिजे असतं.

आणि अंथरुणाचं आमचं वेगळंच असतं. कारखान्याच्या कॉलनीत हंगामात चोवीस तास मिलची घरघर भरलेली. त्या आवाजात आमची पोरं वाढली, त्यातच आम्ही झोपतो. मिल बंद पडली की अख्खी कॉलनी खडबडून जागी होते. बायका दारात येऊन विचारतात, "काय झालं हो?" शांतता झाली की आमची झोप उडते. हे ध्यानात ठेवा, पुढं त्यानंच माझा घात केला.

एका हंगामात मला दिसलं की मिस्त्री सळई कानाला लावत नाहीत, दातात धरतात. मी म्हटलं हे काय नवीन? म्हणाले, "दाढ दुखती. दाबलं की बरं वाटतंय." चार दिवसांनी मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून हाका मारत होतो आणि ते शांतपणे तंबाखू मळत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डावा कान पार गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. दातात सळई धरली की आवाज हाडातून डोक्यात जातो, त्यावर त्यांचं चाललं होतं. त्यांनी मला भुश्याच्या ढिगामागं नेलं आणि म्हणाले, "कुनाला बोललास तर बघ. मला गेटवर बसवतील शिट्टी देऊन. मिलवरून उठवलं तर मी जगायचो न्हाई बे." मी कुणाला बोललो नाही. बरोबर केलं का चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मग मीच पायावर धोंडा मारून घेतला. मोबाइलवर बातमी दिसली की तो बँड पुण्याला येणार आहे, म्हाताऱ्यांचा शेवटचा दौरा. मी कौतुकानं त्यांना दाखवायला गेलो. मिस्त्री फोटोकडं बघतच राहिले. केस खांद्यापर्यंतच होते, पण पांढरे. मग म्हणाले, "उजवा कान हा हंगाम काढंल. फुडचा काढंल असं वाटत न्हाई. एकदा बी बाजूचं तिसरं समोर बसून ऐकतो. मग बंद झाला तर हू दे."

कार्यक्रम आला ऐन गळितात. हंगामात फिटरला सुट्टी नसते. मिस्त्रींनी उभ्या नोकरीत हंगामात सुट्टी मागितली नव्हती. त्यांनी अर्ज लिहिला, कारण काय, तर "गाणे ऐकण्यास जाणे आहे." चीफ साहेब हसून बेजार. म्हणाले, "मिस्त्री, पाहुण्यात मयत झालं असं लिहा, लगेच सही करतो." मिस्त्री म्हणाले, "जित्या मानसाला कावून मारू साहेब? हाय ते लिवलंय." अर्ज तीन दिवस टेबलावर पडून राहिला. मिस्त्री रोज जाऊन त्याच्यापुढं उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी साहेबांनी कंटाळून सही केली आणि मला म्हणाले, तूही जा, म्हातारं कुठं चुकेल. बदल्यात मला ओळीनं पाळ्यांवर पाळ्या कराव्या लागल्या. शेवटची पाळी सुटली तशी मी आंघोळ करून थेट एसटीत बसलो. डोळे नुसते चुरचुरत होते.

पुण्याच्या बाहेर मोकळं मैदान होतं. आम्ही दुपारीच पोचलो. गेटवर तपासणी, आणि तिथंच पहिली माशी शिंकली. मिस्त्रींच्या पायजम्यात सळई निघाली. गेटवरचा माणूस म्हणाला, "ये अंदर नहीं जायेगा, बाबा." मिस्त्री म्हणाले, "ह्याच्याबिगर मला ऐकू येत न्हाई." तो माणूस सळईकडं बघतो, मिस्त्रींकडं बघतो, माझ्याकडं बघतो. मी मान खाली घातली. भाकरी आणि ठेचासुद्धा आत न्यायला बंदी. मग गेटबाहेर मातीत बसून जेवलो, सळई एका चहावाल्याकडं ठेवली आणि आत गेलो.

आमचा नंबर अगदी पुढं लागला, लोखंडी कठड्याला खेटून. आजूबाजूला सगळी काळ्या बनियनमधली पोरं-पोरी आणि मधे धोतराच्या जागी पायजमा एवढीच सुधारणा केलेले मिस्त्री, डोक्याला टॉवेल. पोरं त्यांचे फोटो काढत होती. मिस्त्री खुशाल उभे.

दिवेलागणीला बँड आला. पहिला दणका बसला आणि माझ्या पोटातली भाकरी हलली. मिस्त्रींनी हात कानामागं धरला, थोडा वेळ तसेच राहिले, मग त्यांचं तोंड उतरलं. "वरचाच गोंधळ येतोय," ते म्हणाले, "खालचं येत न्हाई." सळई बाहेर चहावाल्याकडं. मी काय करणार? आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, मिस्त्री खाली वाकले आणि त्यांनी कठड्याची आडवी पट्टी दातात धरली.

शेजारची एक पोरगी घाबरून म्हणाली, "काका, यांना काही होतंय का? डॉक्टर बोलवू?" मी म्हटलं, "न्हाई बाई, गाणं ऐकतेत ते." मिस्त्रींनी डोळे मिटले होते. दोन्ही हातांनी कठडा धरला होता. मधेच तोंड काढून माझ्याकडं वळले, हनुवटीला गंज लागलेला. "आलं बे!" ओरडले. "खालचं सगळं आलं!" आणि परत पट्टी धरली. एवढं खूश मी त्या माणसाला ना पगाराच्या दिवशी पाहिलं, ना पोरीच्या लग्नात. माझाही शीण घटकाभर पळाला. चार-पाच गाणी अशी झाली.

पुढच्या गाण्यात त्यांच्या कपाळाला आठी पडली. तोंड काढलं, थुंकले, परत दात लावून बघितलं. मग सरळ उभे राहिले.

"बेअरिंग चाललंय."

"कुठलं बेअरिंग? आपण पुण्यात हावोत मिस्त्री!"

"कुठलं ते ठाऊक न्हाई. पन कोरडं झालंय. अर्धा घंटा काढंल लई तर."

नंतर कळलं की कठड्याचं शेवटचं टोक जनरेटरच्या गाडीला टेकवलेलं होतं. मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, ज्यांचं आहे ते बघतील, तुमचं गाणं अजून लागायचंय. शेवटाला लागणार ते, सगळी पोरं म्हणत होती. मिस्त्रींनी माझा हात सोडवला. "चालत्या मशिनीचं मला कळलं आन् मी उभा ऱ्हायलो, असं कवा झालंय का?" खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली, कॅसेटच्या कव्हरवरून इंग्रजीत उतरवलेलं गाण्याचं नाव. "तू हितंच थांब. बी बाजूचं तिसरं लागलं तर नीट ऐकून ठेव. मला समदं सांगाय लागंल." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

मी थांबलो. अगदी नेटानं थांबलो. चिठ्ठी मुठीत धरून, कठड्यावर हात टेकून. मग हातावर डोकं टेकलं. अंग आंबलेलं, आणि चहूबाजूंनी तो प्रचंड, न थांबणारा आवाज, आमच्या मिलसारखा. जागा झालो तेव्हा मैदान शांत होतं. शांत झालं म्हणूनच तर जागा झालो. शेजारची पोरगी डोळे पुसत होती. मी चिठ्ठी तिच्यापुढं धरली. ती म्हणाली, "अहो काका, हेच तर आत्ता झालं! शेवटचं! तुम्ही इथंच होतात ना?"

मी चिठ्ठी घाईनं पाकिटात कोंबली.

मिस्त्री आले ते कोपरापर्यंत काळे होऊन. मागं जनरेटरवाला, पन्नाशीचा माणूस, आमच्याच जिल्ह्यातल्या कडा गावचा निघाला. तो मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून मला सांगायला लागला, "पंख्याचं बेअरिंग पार कोरडं व्हतं बघा. मला वाटलं कोन येडं आलंय. पन बोलनं ऐकलं आन् म्हनलं हे तर आपल्याकडचं येडं हाय. चालत्या मशिनीत वंगण सोडलं ह्यांनी. न्हाईतर शेवटच्या गाण्यात समदा अंधार व्हता." म्हणजे ज्या गाण्यासाठी आले ते गाणं मिस्त्रींनी चालू ठेवलं, आणि तेवढा वेळ स्वतः जनरेटरच्या धडधडीत पाठ वाकवून उभे राहिले. तिथं ऐकू काय येणार, दगड?

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

"कसं वाजलं?"

मला खरं सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं. पण त्यांनी डोळे मिटून उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला होता. मी म्हटलं, "मिस्त्री, पहिल्या झटक्यालाच ढोल आला. असला दणका, जमीन हादरली. मग तुमचं खालचं सुरू झालं. लोक रडले बघा." ते सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं. चल, सळई घ्यायची ऱ्हायली."

उजव्या कानानं तो हंगाम काढला, पुढचा काढला नाही. त्या वर्षी मिस्त्री रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात कारखान्यानं त्यांना दर तासाला ठोके देणारं घड्याळ दिलं. मिस्त्रींनी घड्याळाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, "ठोका बरा हाय."

ते गेवराईच्या अलीकडं आपल्या गावी राहायला गेले. पोरगी नांदायला पार तिकडं कोकणात. घरात काकू आणि ते. मी महिन्या-दोन महिन्यांतून जातो. वाळूचे ट्रक अंगावर घेत मोटारसायकलवर तेवढं अंतर, आता कंबर धरते माझी. पहिल्यांदा गेलो तेव्हाच म्हणाले, "मिशा काढ, ओठ दिसंनात." काढल्या. आणि दर खेपेला चहा झाला की तेच, "सांग बे. बी बाजूचं तिसरं कसं वाजलं?" मी ओठ नीट हलवून सांगतो. ढोल, दणका, जमीन हादरली. वर्षं गेली, तसा माझा ढोल मोठा होत गेला. पुढं पुढं तर मी त्यात पाऊससुद्धा पाडला. परत येताना रस्ताभर तोंड कडू असायचं. एका म्हाताऱ्या बहिऱ्या माणसाशी मी वर्षानुवर्षं खोटं बोलतोय, आणि तो ते चवीनं खातोय. ह्याचाच मला फार शीण आला होता.

यंदा दिवाळीत माझ्या मुलीनं मोबाइलवर ते गाणं शोधून दिलं. चिठ्ठी मी पाकिटात जपून ठेवली होती. जन्मात पहिल्यांदा मी बी बाजूचं तिसरं ऐकलं. खालची ती गिटार एकटीच सुरू होते. एकटीच चालत राहते. बराच वेळ. मी ढोलाची वाट बघत बसलो. ढोल आलाच नाही. गाणं संपलं तरी आला नाही. त्या गाण्यात ढोल नाहीच.

हजारदा ऐकलेल्या माणसाला मी ढोल सांगत होतो! म्हणजे त्या मैदानावरच, माझ्या पहिल्याच वाक्याला, त्यांना सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. चहासुद्धा होऊ दिला नाही. समोर बसलो आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणालो, "मिस्त्री, मी ते गाणं ऐकलं न्हाई. मला झोप लागलती."

मिस्त्री माझ्या ओठांकडं बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या गालावर बोटानं दोन आडव्या रेघा काढल्या. "कठड्याचे वळ व्हते हितं. उठून आलतास तवाच दिसलं."

"मग बोलला कावून न्हाई?"

"काय बोलू? माझ्यापायी तू तीन पाळ्या करून आलतास बे. झोप लागनारच."

"आन् इतकी वर्सं? दर खेपेला इचारता कावून मग? ठाऊक व्हतं तर?" माझा आवाज चढला होता. त्यांना तो कुठं ऐकू येणार, पण चढला.

मिस्त्रींनी आतल्या दाराकडं बघितलं. काकू चुलीपाशी होत्या. मग खालच्या आवाजात म्हणाले, "समदे येनारे येत व्हते, पयल्या वर्सी. बहिऱ्याशी काय बोलावं, म्हनून एकेक यायचा बंद झाला. मी इचारायचं सोडलं तर तू तरी यायचास का?"

मी आलोच असतो असं म्हणायला तोंड उघडलं. त्यांना ओठ वाचता येतात हे ध्यानात आलं आणि मी तोंड मिटलं. खरं काय ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले, ते मी बाहीनं पुसले.

काकूंनी चहा आणून ठेवला. मिस्त्रींनी बशीत ओतून फुंकर मारली, एक घोट घेतला.

"सांग मग," ते म्हणाले.

"काय सांगू? मी ऐकलंच न्हाई म्हनलं ना!"

"तुझं सांग. ढोलवालं. कॅसेटीतलं मला पाठ हाय."

घरात अंधारून आलं होतं. मी खुर्ची दाराशी ओढली, उजेड तोंडावर येईल अशी, आणि पहिल्या दणक्यापासून सांगायला लागलो.